‘ग्रेटेस्ट हिट्स’मधले गाणे मूळ सिंगलचे की रीमिक्स? कोकणातल्या नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शक

दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांच्या माळ्यावर इंग्रजी पॉप गाण्यांच्या कॅसेटी, सीडी आणि क्वचित रेकॉर्डही सापडतात. घरातले कोणी बोटीवर नोकरीला होते, कोणी सौदीत किंवा दुबईत होते, तर कोणी चाकरमानी गणपतीला येताना मुंबईहून घेऊन आले होते. या मालात एखाद्या कलाकाराचे सगळे अल्बम सहसा नसतात. बहुतेक ‘ग्रेटेस्ट हिट्स’च असतात, कारण सामानात जागा कमी असे आणि एकाच कॅसेटीत सगळी गाजलेली गाणी मिळत. हा साठा आता पुढच्या पिढीच्या हाती येत आहे. तो कॉम्प्युटरवर उतरवून घेताना किंवा त्यातल्या उणिवा नव्या खरेदीने भरून काढताना एक अडचण हमखास येते: गाण्याचे नाव तेच असते, गायकही तोच असतो, पण ऐकू येते ते आपल्या आठवणीतले गाणे नसते. सुरुवात वेगळी असते, ड्रम वेगळे वाजतात, एखादे कडवेच नाहीसे झालेले असते.

ही तपासणी कशी करायची, ते पुढे क्रमाने दिले आहे. या कामाचे सूत्र एवढेच, की अल्बम तपासू नये, गाणे तपासावे. एकाच संग्रहात सात गाणी मूळ सिंगलची, चार कापलेली, दोन नव्याने मिक्स केलेली आणि एक पुन्हा गायलेले असू शकते, आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही.

लागणारे साहित्य

- चालू स्थितीतला कॅसेट डेक, सीडी ड्राइव्ह आणि रेकॉर्ड असल्यास टर्नटेबल
- दोन्ही कानांचे, वायरचे, साधे पण चांगले हेडफोन
- कॉम्प्युटर आणि त्यावर ऑडॅसिटी हा आवाज उतरवण्याचा व संपादनाचा विनामूल्य प्रोग्राम
- सीडीच्या आतला बारीक मजकूर वाचायला भिंग
- डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ ही ध्वनिमुद्रणांच्या नोंदींची दोन संकेतस्थळे उघडतील इतपत इंटरनेट
- एक जाड वही

१. आधी प्रकार समजून घ्या

दुकानदार, विक्रेते आणि कधीकधी कंपन्याही ‘रीमिक्स’ हा शब्द सरसकट वापरतात. तपासणीसाठी मात्र पाच प्रकार वेगळे ठेवावे लागतात.

मूळ सिंगल म्हणजे गाणे पहिल्यांदा स्वतंत्रपणे विक्रीला आले तेव्हाची आवृत्ती. ती त्याच कलाकाराच्या अल्बममधल्या आवृत्तीसारखीच असेल, असे नाही. रेडिओवर सहज बसावी म्हणून ती बहुधा आखूड असते आणि कित्येकदा तिचे मिश्रणही (मिक्स, म्हणजे गायन आणि वाद्ये एकत्र जुळवून केलेली मांडणी) वेगळे असते. एडिट म्हणजे तेच मिश्रण, पण कापलेले. रीमास्टर म्हणजे तयार मिश्रणाचीच पातळी, खर्ज-तारता आणि खरखर नीट करून केलेली नवी प्रत. त्यात कोणतेही वाद्य हलत नाही. रीमिक्स करताना मूळ बहुपदरी टेपकडे परत जातात, जिच्यावर गायन, गिटार, ड्रम वेगवेगळ्या पदरांवर असतात, आणि ते पदर पुन्हा जुळवतात. त्यामुळे वाद्ये पुढेमागे होतात, काही गळतात, काही नवी येतात. पाचवा प्रकार पुनर्मुद्रण, म्हणजे कलाकाराने तेच गाणे नंतर पुन्हा गाऊन-वाजवून केलेले ध्वनिमुद्रण.

रीमास्टर आणि रीमिक्स यांची गल्लत सर्वाधिक होते. ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असे वाचून सीडी टाकून देऊ नका आणि ते वाचून निश्चिंतही होऊ नका, कारण रीमिक्सचेही रीमास्टर निघते.

२. माल ऐकण्याजोगा करा

गणपतीत बंद घर उघडते, माणसे जमतात, म्हणून तेव्हाच ट्रंक काढण्याचा मोह होतो. शक्यतो थांबावे. भाद्रपदातल्या दमट हवेत कॅसेटी उघड्यावर ठेवल्या की बुरशी वाढते. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाल्यावर काम काढावे आणि तोवर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. ज्या कॅसेटीच्या टेपवर पांढरी बुरशी दिसते, ती चांगल्या डेकमध्ये घालू नये. बुरशी डेकच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटीवर जाते. सीडी पुसताना मधून बाहेर सरळ रेषेत पुसावी, गोल नाही. रेकॉर्ड उन्हात वाळवू नयेत, त्या वाकतात.

३. छापलेले सगळे वाचा

गाण्यांच्या नावांपुढे कंसातली अक्षरे, आतल्या कागदावर निर्माता आणि मिक्स करणाऱ्याचे नाव, आणि प्रत्येक गाण्याखालचे प्रकाशनवर्ष वहीत उतरवून घ्या. वर्षांची जोडी विशेष बोलकी असते: १९८० सालच्या गाण्याखाली १९८६ असे छापले असेल, तर ते गाणे बदललेले आहे असे गृहीत धरून पुढे जावे.

१९८० आणि १९९०च्या दशकांतल्या अनेक सीडींवर तीन इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. पहिले अक्षर ध्वनिमुद्रण कसे झाले ते सांगते, दुसरे मिश्रण कसे झाले ते आणि तिसरे अंतिम प्रत कशी झाली ते. ‘ए’ म्हणजे अॅनालॉग, ‘डी’ म्हणजे डिजिटल. सत्तरच्या दशकातली गाणी असलेल्या सीडीवर ‘एएडी’ असेल, तर मिश्रण जुनेच असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे ‘एडीडी’ दिसले, तर मिश्रण नंतरच्या काळात डिजिटल यंत्रावर झाले असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे. हा संकेत संपूर्ण तबकडीला मिळून दिलेला असतो आणि तो नेहमी काटेकोरपणे छापलेला नसे, म्हणून त्याला पुरावा न मानता खूण मानावे.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिला जाणारा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोडही उपयोगी पडतो. नव्या मिश्रणाला नवा कोड द्यावा, असा नियम आहे. पण या कोडमधले वर्षाचे दोन अंक कोड दिल्याचे वर्ष दाखवतात, गाणे ध्वनिमुद्रित झाल्याचे नव्हे. नवखे लोक इथे हटकून फसतात आणि साठच्या दशकातले गाणे नव्वदमधले पुनर्मुद्रण समजून बसतात.

सीडीच्या आतल्या कड्यावर किंवा रेकॉर्डच्या लेबलभोवतीच्या मोकळ्या भागात कोरलेला क्रमांकही लिहून घ्यावा. डिस्कॉग्जवर नेमकी आवृत्ती त्यावरूनच सापडते, मुखपृष्ठाच्या चित्रावरून नाही.

४. वेळ मोजा, पण यंत्रावर विश्वास टाकण्याआधी यंत्र तपासा

लांबीतला फरक ही सर्वांत सोपी कसोटी आहे. ॲबाचा ‘गोल्ड’ हा १९९२चा संग्रह घ्या. एका सीडीत १९ गाणी बसवलेल्या त्या पहिल्या आवृत्तीत ‘द नेम ऑफ द गेम’ हे गाणे सुमारे चार मिनिटांत संपते, कारण ती कापलेली आवृत्ती आहे. १९९९च्या आवृत्तीत तेच गाणे पूर्ण, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटांचे आहे. ‘वूले-वू’ या गाण्याचेही तसेच झाले. दोन्ही सीडींचे सोनेरी अक्षरांचे काळे मुखपृष्ठ मात्र सारखेच वाटते. घरातली प्रत कोणती, हे ठरवायला घड्याळ पुरते.

कॅसेटीबाबत घड्याळ जपून वापरावे. डेकचा वेग थोडा कमीजास्त असतोच, त्यामुळे काही सेकंदांचा फरक म्हणजे काहीच नाही. वेग तपासण्यासाठी त्याच डेकवर असे एखादे गाणे वाजवावे, ज्याची सीडीही तुमच्याकडे आहे.

रेकॉर्डबाबत आपल्या भागात एक वेगळाच घोटाळा संभवतो. सौदी अरेबिया आणि अमेरिका येथील विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, आपली ५० हर्ट्झ. तिकडून आणलेल्या जुन्या टर्नटेबलमध्ये थेट विजेच्या वारंवारतेवर फिरणारी मोटर असेल, तर ते यंत्र इथे सहापैकी पाच भाग वेगाने फिरते. मग ३ मिनिटे २० सेकंदांचे गाणे ४ मिनिटे चालते, गायकाचा आवाज जड होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ही कोणती तरी लांबवलेली आवृत्ती आहे. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुधारत नाही, कारण तो व्होल्टेज बदलतो, वारंवारता नव्हे. सगळ्याच रेकॉर्डचा सूर उतरलेला वाटत असेल, तर दोष गाण्यात शोधू नये.

५. कानाने ओळखा

हा या कामाचा गाभा आहे आणि यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. दोन्ही आवृत्त्या हेडफोनवर लागोपाठ ऐका आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त गिटार डावीकडे आहे की उजवीकडे, एकदा गायकाचे श्वास आणि शब्दांचे उच्चार, एकदा शेवटी आवाज कुठे विरत जातो ते. गायनातल्या लकबी तंतोतंत जुळत असतील आणि वाद्यांची मांडणी जुळत नसेल, तर ते रीमिक्स. गायनच जुळत नसेल, तर ते पुनर्मुद्रण किंवा वेगळ्या वेळी गायलेली आवृत्ती.

सरावासाठी काही संग्रह मुद्दाम ऐकावेत. मॅडोनाचा ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ (१९९०) हा या विषयाचा उत्तम धडा आहे. त्यातली १७ गाणी सुमारे ७३ मिनिटांत बसवण्यासाठी अनेक गाणी आखूड केली गेली. शिवाय शेप पेटीबोन यांनी जुनी गाणी नव्याने मिक्स केली आणि त्यांवर क्यूसाउंड नावाची प्रक्रिया झाली, जिच्यामुळे साध्या दोन स्पीकरांतूनही आवाज स्पीकरांच्या बाहेरून येत असल्याचा भास होतो. ‘लाइक अ प्रेयर’ हे गाणे १९८९च्या अल्बमवर आणि या संग्रहात पाठोपाठ ऐका. ताल आणि वाद्यांची भरणी यांतला फरक नवख्या कानालाही कळतो. ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. त्या गाण्याचे १९८९चे सिंगलच मुळात पेटीबोन यांचे रीमिक्स होते, अल्बमची आवृत्ती निराळी. म्हणजे इथे ‘रीमिक्स’ आणि ‘मूळ सिंगल’ एकच आहेत. माझ्या मते हा संग्रह ऐकायला झकास आहे, पण मूळ सिंगलांचा दस्तऐवज म्हणून निरुपयोगी आहे.

पुनर्मुद्रणाचे ठळक उदाहरण द पोलीस या गटाचे. १९८६च्या त्यांच्या सिंगल्सच्या संग्रहात ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’ हे १९८०चे गाणे मूळ रूपात नव्हतेच. त्याजागी नव्याने केलेली, संथ चालीची आवृत्ती होती. ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड घोड्यावरून पडून त्यांचे गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) मोडले होते, म्हणून त्या ध्वनिमुद्रणात ड्रम यंत्रावर केले गेले. १९९५ साली संग्रह नव्या नावाने निघाला, तेव्हा मूळ गाणे परत आले आणि ‘८६’ची आवृत्तीही राहिली. न्यू ऑर्डरच्या ‘सबस्टन्स’ (१९८७) या संग्रहातही ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्यूजन’ ही दोन गाणी त्याच वर्षी पुन्हा केलेली आहेत, बाकीची तशी नाहीत. अल्बम नव्हे, गाणे तपासावे, असे म्हटले ते अशांमुळेच.

कधीकधी एखादे वाद्यच निकाल लावते. बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ची १९६२ची पहिली ब्रिटिश सिंगल रिंगो स्टार यांच्या ड्रमवादनाची होती. अल्बमवर आणि नंतरच्या सिंगलवर जी आवृत्ती आली, तिच्यात ड्रम अँडी व्हाइट वाजवतात आणि रिंगो टँबोरीन, म्हणजे आपल्या खंजिरीच्या जातीचे वाद्य, वाजवतात. खंजिरी ऐकू आली की ती पहिली सिंगल नव्हे. त्यांच्या २०००च्या ‘१’ या संग्रहातही खंजिरीचीच आवृत्ती आहे.

बॉब मार्ली यांच्या ‘लेजेंड’मध्ये (१९८४) ‘नो वुमन, नो क्राय’ हे गाणे १९७५च्या लंडनमधल्या मैफिलीत मुद्रित झालेले आहे. श्रोत्यांचा आवाज ऐकून कोणी ती नकली प्रत समजू नये. गाजली ती हीच आवृत्ती.

६. शंका उरली तर कॉम्प्युटरवर वजाबाकी करा

दोन्ही आवृत्त्या सीडीवरून अनकॉम्प्रेस्ड, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात उतरवून घ्या आणि ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा. लाटांचे चित्र मोठे करून पहिला ड्रमचा ठोका दोन्हींत एका रेषेत आणा, आवाजाची पातळी सारखी करा, एका पट्टीला ‘इन्व्हर्ट’ हा परिणाम द्या आणि दोन्ही एकत्र वाजवा. मिश्रण एकच असेल, तर दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि जवळजवळ शांतता ऐकू येते. रीमास्टर असेल, तर सहसा पातळ, कुजबुजल्यासारखा अवशेष उरतो. रीमिक्स असेल, तर जे वाद्य हलवले गेले ते स्पष्ट ऐकू येते. मात्र जुन्या टेपवरून पुन्हा उतरवलेल्या रीमास्टरमध्येही वेगाच्या किंचित फरकामुळे बराच अवशेष उरू शकतो, म्हणून हा निकाल कानाने पडताळून घ्यावा.

कॅसेट किंवा रेकॉर्डवरून घेतलेल्या प्रतींवर हा प्रयोग करू नये. वेग क्षणोक्षणी किंचित बदलत असल्याने एकच मिश्रणसुद्धा खोडले जात नाही आणि उगाच रीमिक्सचा आळ येतो. एमपीथ्री प्रतींचेही थोड्याफार प्रमाणात तसेच आहे.

७. तुम्हाला ‘मूळ’ म्हणजे काय हवे आहे, ते ठरवा

संग्राहकांमध्ये मूळ ते सोने आणि रीमिक्स ते पितळ, असा एक समज आहे. तो सर्वत्र लागू होत नाही. कॉर्नरशॉप या ब्रिटिश गटाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे आपल्या आशा भोसले यांना आणि ४५च्या वेगाच्या छोट्या रेकॉर्डना उद्देशून आहे. १९९७ सालची त्याची मूळ सिंगल ब्रिटनच्या यादीत ६०व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. नॉर्मन कुक यांनी वेग वाढवून केलेले रीमिक्स १९९८ साली पहिल्या क्रमांकावर पोचले. सुझान व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ १९८७च्या अल्बमवर वाद्यांशिवाय गायलेले आहे, जगभर वाजले ते डीएनए या जोडीचे १९९०चे रीमिक्स. एव्हरीथिंग बट द गर्ल यांच्या ‘मिसिंग’चेही तेच, टॉड टेरी यांच्या रीमिक्सनेच ते गाणे घरोघरी पोचवले. अशा गाण्यांच्या बाबतीत ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर रीमिक्स असणे हेच योग्य आहे.

म्हणून वहीत प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने ठेवावेत: पहिल्यांदा निघाली ती आवृत्ती आणि गाजली ती आवृत्ती. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच निघतील. जिथे निघणार नाहीत, तिथे दोन्ही ठेवाव्यात.

८. त्याच ट्रंकेतल्या मराठी-हिंदी कॅसेटी

या कॅसेटींना हीच पद्धत लागू होते, फक्त सापळे वेगळे आहेत. ‘झंकार बीट्स’ असे लिहिलेल्या कॅसेटीत मूळ ध्वनिमुद्रणावर नंतर इलेक्ट्रॉनिक ताल चढवलेला असतो; बहुपदरी टेप त्यात उघडलेलीच नसते, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर ते रीमिक्ससुद्धा नव्हे. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटींबरोबर जुन्या गाण्यांच्या नव्या गायकांनी गायलेल्या आवृत्त्या आल्या, ज्यांच्या वेष्टनावर चित्रपटाचे नाव ठळक आणि गायकाचे नाव बारीक असे. ‘समाधी’ (१९७२) चित्रपटातले लता मंगेशकर यांचे ‘कांटा लगा’ आणि २००२चे त्याचे रीमिक्स यांच्यात कोणी गोंधळ करणार नाही; पण कोळीगीतांच्या नॉनस्टॉप संचांत तो हमखास होतो. ‘मी डोलकर’ हे शान्ता शेळके यांचे गीत हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलेले आहे. हे दोन आवाज नसतील, तर ती कॅसेट लग्नाच्या वरातीसाठी ठेवावी, संग्रहासाठी नको.

९. नवी खरेदी करताना आणि ऑनलाइन ऐकताना

एकाच मुखपृष्ठाखाली वेगळा माल असू शकतो, हे लक्षात ठेवावे. बीटल्सचा ‘१’ हा संग्रह २०१५ साली पुन्हा निघाला, तेव्हा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केलेली नवी मिश्रणे त्यात आली. लाल मुखपृष्ठावरचा पिवळा आकडा तसाच राहिला. १९७३चे त्यांचे लाल आणि निळे संग्रह २०२३ साली आले, तेही नव्या मिश्रणांसह. विक्रेत्याला ‘ओरिजिनल आहे का’ असे विचारू नये, कारण ‘पायरेटेड नाही’ एवढ्याच अर्थाने तो होकार देतो. वर्ष, कॅटलॉग क्रमांक आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागावा. ‘मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली गाणी’ अशा आशयाची बारीक ओळ मागच्या बाजूलाच असते.

स्ट्रीमिंग ॲपवर दिसणारे वर्ष पुष्कळदा संग्रहाचे असते, गाण्याचे नव्हे. शिवाय तिथली फाइल न सांगता बदलली जाऊ शकते, त्यामुळे आज ऐकलेली आवृत्ती पुढच्या वर्षी तिथे असेलच याची खात्री नाही. तुलनेसाठी हाताशी असलेली सीडीच प्रमाण धरावी. एल्विस प्रेस्ली यांच्या २००२च्या क्रमांक-एक गाण्यांच्या संग्रहात शेवटी जोडलेल्या ‘अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन’पुढे ते रीमिक्स असल्याचे आणि जेएक्सएल यांचे असल्याचे उघड छापलेले आहे, असा प्रामाणिकपणा दिसला, तर त्या संचातल्या बाकीच्या नोंदींवरही अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

१०. नोंद कशी ठेवावी

फाइलचे नावच नोंद समजावे, म्हणजे वही हरवली तरी माहिती राहते. क्रम असा ठेवावा: कलाकार, गाणे, आवृत्तीचा प्रकार, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, ज्या संग्रहातून घेतले त्याचे नाव व त्या प्रतीचे वर्ष, लांबी. उदाहरणार्थ, ‘द पोलीस – डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी – पुनर्मुद्रण – १९८६ – सिंगल्स संग्रह १९८६’ आणि शेवटी तुम्ही स्वतः मोजलेली वेळ. प्रकाराबद्दल खात्री नसेल, तर त्या जागी ‘तपासणे बाकी’ असे लिहावे आणि अंदाजाने ‘मूळ’ असे लिहू नये, कारण तुमच्यानंतर तो संग्रह उघडणारा माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवणार आहे. फाइलींची एक प्रत घराबाहेर, मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे ठेवावी. खाऱ्या हवेत हार्ड डिस्कचे जोड गंजतात. मूळ कॅसेटी आणि सीडी मात्र उतरवून झाल्यावरही टाकू नयेत, कारण पुढे शंका आली तर आतला कागद आणि कोरलेला क्रमांक पुन्हा पाहावा लागतो.